वैशाखात गळाला मासा लागत नाही? आधी पाणी तपासा, मग सामान

दर वर्षी एप्रिलच्या शेवटी माझ्याकडे एकच तक्रार येते. सुट्टीला गावी आलेली मंडळी पहिल्याच दिवशी हौसेने गरवायला जातात, तीन-चार तास उन्हात उभी राहतात आणि रिकामी पिशवी घेऊन घरी येतात. मग कुणी म्हणतं गळ बदलायला हवा, कुणी म्हणतं रॉड हलक्या प्रतीचा आहे. एखादे वयस्कर काका सुस्कारा सोडतात, "आमच्या वेळची खाडी राहिली नाही."

मी वीसेक वर्षं रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत, पूर्णगडच्या मुखाशी आणि मधल्या खडपांवर, म्हणजे पाण्यालगतच्या कातळांवर, गरवतो आहे. हीच अडचण मी स्वतःसाठी सोडवली आणि भाचे-पुतण्यांपासून शेजारच्या पाहुण्यांपर्यंत अनेकांना सोडवून दिली. बहुतेकांना एका रुपयाचंही सामान बदलावं लागलं नाही. वैशाखात पाणी तापतं, गढूळपणा खाली बसतो, नद्यांचं गोडं पाणी आटतं आणि मासा आपली वेळ नि जागा बदलतो. आपण मात्र जानेवारीतल्या वेळेला, जानेवारीतल्याच जागी उभे राहतो.

खालची तपासणी फुकटातल्या गोष्टींपासून खर्चाच्या गोष्टींकडे जाते. क्रम सोडू नका. नवा रॉड घेऊन चुकीच्या वेळी उभं राहिलात तर पैसे गेले आणि मासाही नाही.

आधी लक्षण ओळखा

"मासा लागत नाही" या एका वाक्यात चार-पाच वेगळ्या अडचणी असतात. आपली कोणती, ते नीट आठवून बघा.

आमिष जसं लावलं तसंच परत येतं, तासन् तास कुणी तोंडही लावत नाही: दोष वेळेचा, पाण्याच्या ओढीचा किंवा जागेचा. पहिल्या दोन तपासण्या तुमच्यासाठी आहेत.

पहाटे दोन-तीन मासे लागले आणि आठ-साडेआठनंतर सगळं एकदम थंड: हा बिघाडच नाही. ऊन चढलं, मासा खोल गेला. तुम्हीही घरी जा.

झटका जाणवत नाही, पण गळ दर वेळी साफ होऊन येतो: आमिष मऊ पडलं आहे किंवा खाली चिंबोऱ्या आणि बारीक मासळी लागली आहे. तिसरी तपासणी बघा.

तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, कात्रीने कापल्यासारखा तुटतो: टोकी, वाकटी यांसारखा दातांचा मासा, नाहीतर केंड. केंड म्हणजे तो फुग्यासारखा फुगणारा मासा. लागलाच तर हातमोज्याने किंवा पक्कडीने सोडवा आणि परत पाण्यात टाका. तो विषारी आहे, घरी नेऊ नका, मांजरालाही घालू नका.

मासा लागतो, ओढ देतो आणि गाठीपाशी तंगूस तुटतो: तेव्हा मात्र सामान बघायचं. ती चौथी तपासणी.

आणखी एक लक्षण आहे, आणि ते दिसलं तर पुढचं काही न वाचता गळ गुंडाळायचा. वेगवेगळ्या जातींचे मासे पाण्यावर तोंड काढून हवा घेताना दिसले, मेलेले मासे काठाला लागले, किंवा पाण्याला हिरवा, तांबूस, दाट रंग आणि कुबट वास आला, तर त्या पाण्यातला प्राणवायू संपत आलेला असतो किंवा त्यात काहीतरी मिसळलेलं असतं. तिथला मासा खायचा नाही, कालवं-तिसऱ्या तर अजिबात काढायच्या नाहीत. ग्रामपंचायतीला आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयाला कळवा. कारण शोधणं हे त्यांचं काम आहे, गरवणाऱ्याचं नाही.

पहिली तपासणी: घड्याळ

ही फुकट आहे आणि सर्वांत जास्त वेळा इथेच उत्तर सापडतं.

पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे साधारण पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, ३० अंशांना सव्वासहाच्या आसपास. फरक छोटा वाटेल, पण गरम पाण्यात माशाच्या शरीराला प्राणवायू जास्त लागतो. गरज वाढली आणि पुरवठा घटला, की मासा धावपळ कमी करतो. दुपारी तो सावलीत, खोल पाण्यात जवळजवळ स्थिर असतो. समोरून आमिष गेलं तरी त्यासाठी तो हलेलच असं नाही.

मत्स्यालयात वापरतात तो साधा थर्मामीटर मी दोरीला बांधून ठेवला आहे. मे महिन्यात भर दुपारी ओहोटीला, चिखलाच्या पाटावर गुडघाभर पाण्यात तो ३३-३४ दाखवतो. पुलाखालच्या खोल पाण्यात त्याच वेळी ३० च्या घरात असतो. एकाच खाडीत, शंभर पावलांच्या अंतरात एवढा फरक. मासा कुठे असेल हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून मे महिन्यात माझे तास ठरलेले आहेत: पहाटे पाच ते साडेसात, संध्याकाळी सहापासून अंधार पडून तास-दीड तास, आणि पाण्याची वेळ जुळली तर रात्री. तांबोशी आणि गोबरा मला उन्हाळ्यात अंधारातच जास्त मिळाले आहेत. सकाळी नाष्टा करून नऊला निघणार असाल तर पुढचं काही जुळवूनही उपयोग नाही.

दुसरी तपासणी: तिथी आणि पाण्याची ओढ

वेळ बदलूनही मासा लागला नाही, तर बहुधा तुम्ही थांबलेल्या पाण्यात उभे होतात. बारीक मासळी आणि कोळंबी स्वतःहून माशाच्या तोंडापर्यंत जात नाही, पाणी तिला वाहून नेतं. पाणी वाहतं तेव्हा मोठा मासा खडकाच्या, खांबाच्या आडोशाला उभा राहून समोरून येणारं टिपतो. पाणी थांबलं की त्याचं ताट थांबलं.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला जुना हिशेब आहे, तो पाठ करून ठेवा. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती. चार पाऊणे तीन, म्हणजे चतुर्थीला तीनला भरती. आठ पाऊणे सहा, अष्टमीला सहाला. बारा पाऊणे नऊ, द्वादशीला नऊला. दिवसातून दोनदा भरती असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे तोच आकडा जवळपास लागू पडतो. तिथून सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. ठिकाणाप्रमाणे अर्धा-एक तास इकडे-तिकडे होतं. नक्की वेळ हवी तर जवळच्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा, पण खिशात फोन नसतानाही चालेल असा हा हिशेब आहे.

आता यातली मेख. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढ बारा भागांचा धरला तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे खरी ओढ मधल्या दोन तासांत. उन्हाळ्यात हे दोन तास पहाटेवर किंवा दिवेलागणीवर येतील असा दिवस निवडायचा.

द्वादशी घ्या. नऊला भरती म्हणजे पाणी तीनला चढायला लागलं. त्याचा तिसरा आणि चौथा तास पाच ते सात. पहाटही तीच आणि ओढही तेव्हाच. चतुर्थीला उलट: तीनला भरती, मग ओहोटी, तिचे जोराचे तास पुन्हा पाच ते सात. शुद्ध पक्ष असो की वद्य, द्वादशी आणि चतुर्थीच्या आगेमागे एक-एक दिवस धरा. माझ्या वहीतले मे महिन्यातले चांगले दिवस पुन्हा पुन्हा याच तिथींना आले आहेत.

अष्टमीला काय होतं बघा. पहाटे सहाला पूर्ण भरती, पाणी स्तब्ध. शिवाय भांगाचे दिवस, चढ-उतार मुळातच कमी. सुट्टी नेमकी अष्टमी-नवमीला पडली तर पहाटे गाढ झोपा आणि दुसरं काही काम काढा.

पौर्णिमा-अमावास्येबद्दल लोकांची फसगत होते. उधाण आहे म्हणून पहाटे सहाला येतात, तेव्हा पूर्ण ओहोटी असते आणि पाणी थांबलेलं. सकाळची ओढ आठनंतर, उन्हात. या तिथींना रात्री आठ ते दहा जा. मुंबईकडे उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर वरखाली होतं, मालवणकडे दोन-सव्वादोन मीटर, पण खाडीच्या चिंचोळ्या मुखात तेवढ्यावरही वजनासाठी बांधलेलं शिसं जागेवर राहत नाही. मुखापासून जरा आत, पाणी वळण घेतं तिथे उभे राहा.

तिसरी तपासणी: बादलीतली कोळंबी

वेळ बरोबर, ओढ बरोबर, तरी गळ साफ होऊन येत असेल तर बादलीत बघा. थंडीत कशीही चालणारी बादली मे महिन्यात पाऊण तासात कोळंबी मारते.

जिवंत, धडधाकट कोळंबी काचेसारखी असते. पाठीतून आरपार दिसतं, शेपटीकडचा काळपट दोरा स्पष्ट दिसतो, आणि हात घातला की ती मागच्या मागे उडी घेते. पाणी तापलं की आधी ती बादलीच्या कडेला चढू बघते, मग एका कुशीवर पडते, आणि मग शेपटीकडून अंग दुधाळ पांढरं व्हायला लागतं. तो पांढरा पट्टा दिसला म्हणजे ती गेली. पांढरी पडलेली कोळंबी गळावर मऊ राहते आणि बारीक मासळी दोन मिनिटांत सोलून नेते. तांबोशी तिच्याकडे फिरकत नाही.

उपाय स्वस्त आहेत. दहा लिटरच्या बादलीत वीसपेक्षा जास्त कोळंब्या नकोत. बादली उन्हात ठेवायची नाही, भोवती ओलं गोणपाट गुंडाळायचं. दर पंधरा-वीस मिनिटांनी निम्मं पाणी बदलायचं, तेही काठचं तापलेलं नव्हे, दोरीची बादली टाकून जरा खोलातलं. घरून पाणी गोठवलेली प्लास्टिकची बाटली न्या आणि बूच घट्ट लावून तशीच बादलीत सोडा. मोकळा बर्फ टाकू नका. तो वितळला की खारं पाणी गोडं होत जातं आणि नळाच्या पाण्याचा असेल तर त्यातलं क्लोरीनही उतरतं. मत्स्यालयाचा बॅटरीवरचा हवेचा पंप मिळाला तर घ्या. या पूर्ण यादीत मी विकत घ्यायला सांगेन अशी पहिली वस्तू तीच.

कोळंबी टोचण्यातही चूक होते. डोक्यावर जो करवतीसारखा काटा असतो, त्याच्या खाली, डोळ्यांच्या थोडं मागे, कवचातून एक काळा डाग दिसतो. तिथे गळ लागला तर कोळंबी जागीच मरते. गळ त्या डागाच्या पुढून, काट्याच्या मुळाशी आडवा काढा, किंवा शेपटीच्या शेवटून दुसऱ्या पेरातून. पाण्यात सोडल्यावर ती पाय मारत खाली गेली पाहिजे.

कोळंबी मिळालीच नाही तर बांगडा किंवा तारली. पण उन्हाळ्यात ताजा तुकडा गळावर टिकत नाही. आदल्या रात्री बोटाएवढ्या पट्ट्या कापा, कातडी ठेवूनच, आणि जाड्या मिठात घोळवून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळपर्यंत मीठ पाणी ओढून घेतं आणि पट्टी चामड्यासारखी चिवट होते. गळ कातडीच्या बाजूने आत घालून पुन्हा बाहेर काढा. चिंबोऱ्या तरीही त्रास देत असतील तर आमिष तळावर टेकू देऊ नका, तळापासून हातभर वर राहील असं शिसं खाली आणि गळ वर बांधा.

चौथी तपासणी: तंगूस आणि गळ

आता सामानाकडे. यात नवं घेण्यापेक्षा जुनं तपासण्याचं काम जास्त आहे.

उन्हाने नायलॉनचा तंगूस कमजोर होतो. गच्चीवर किंवा गाडीच्या मागच्या काचेपाशी वर्षभर पडलेल्या रिळावर भरवसा ठेवू नका. पहिले तीन मीटर अंगठा आणि तर्जनीच्या नखांमधून ओढून बघा. खरखर लागली, पांढुरके डाग दिसले, किंवा सोडल्यावर तो स्प्रिंगसारखा वळ्यांत गोळा झाला तर तेवढा कापून टाका. मग गाठ मारून दोन्ही हातांनी सावकाश ताणा. गाठीवरच तुटला तर गाठ कोरडीच आवळली होती. आवळण्याआधी ती थुंकीने ओली करा, कारण कोरड्या घर्षणाने गाठीतला तंगूस तापून जळतो.

गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवून ओढा. टोक नखात अडकलं तर धार आहे, घसरलं तर बोथट. बारीक कानशीने दोन-तीन हात मारा. गंज मुळापर्यंत गेला असेल तर गळ फेकून द्या. तो काठावर नको, बाटलीत घालून घरी आणा. किनाऱ्यावर अनवाणी पोरं असतात.

पाऊस पडण्याआधीच्या या दिवसांत पाणी वर्षातल्या सर्वांत स्वच्छ अवस्थेत असू शकतं. सकाळी जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यात खडपापाशी दोन पुरुष खोल तळ दिसतो. एवढ्या उजेडात जाड तंगूस माशाला दिसतोच. गळाआधीचा दीड-दोन मीटर भाग फ्लुरोकार्बनचा लावा. त्यातून प्रकाश जवळजवळ पाण्यासारखाच जातो, त्यामुळे तो नायलॉनपेक्षा कमी उठून दिसतो. करकरा, मुडदुशी, पालू यांच्यासाठी ०.३० मिलिमीटर पुरे. खडकात तांबोशी किंवा गोबरा अपेक्षित असेल तर ०.४५ च्या खाली जाऊ नका, कारण हे मासे लागताक्षणी कपारीत घुसतात आणि तंगूस शिंपल्यांवर घासतो. दुपारनंतर वायव्येचा खारा वारा वाढतो, काठाचं पाणी ढवळतं, तेव्हा जाडीचा प्रश्न राहत नाही. त्यामुळे संध्याकाळी मी हा भाग बदलत बसत नाही.

रीळ अडखळत असेल, ओढ सैल-घट्ट करायची चकती झटके देत असेल तर आत मीठ साठलं आहे. बाहेरून गोड्या पाण्याने हलकं धुवा, जोराच्या धारेखाली धरू नका, त्याने मीठ आणखी आत जातं. तरी सुधारलं नाही तर रीळ उघडायचा मोह आवरा. आत दात, स्प्रिंगा आणि पातळ चकत्या एका ठरावीक क्रमाने बसवलेल्या असतात. दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. घरी उघडलेलं रीळ त्याच्याकडे पिशवीतून नेणारे मी पाहिले आहेत, तेव्हा खर्च दुप्पट होतो.

पाचवी तपासणी: जागा

ही अवघड आहे, कारण यासाठी पायपीट लागते आणि आपली आवडती जागा सोडावी लागते.

पावसाळ्यानंतर काजळी, मुचकुंदी यांसारख्या नद्या खाडीत गोडं पाणी आणत राहतात. मार्चनंतर वरची पात्रं कोरडी पडतात आणि खारं पाणी भरतीबरोबर आत, आणखी आत सरकतं. त्याच्याबरोबर बोय, कोळंबी जाते आणि त्यांच्या मागे जिताडा आणि तांबोशी. जानेवारीत मुखाशी मिळणारा मासा मे महिन्यात दोन-तीन किलोमीटर वर, एखाद्या डोहात असू शकतो. दुसरीकडे, छोट्या खाड्यांच्या मुखाशी या दिवसांत वाळूचा बांध धरतो, आतलं पाणी साचून तापतं. अशा बंद पडलेल्या मुखाच्या आत वेळ घालवू नका, बांधाच्या समुद्राकडच्या अंगाला बघा.

ओहोटीला, भर उन्हात, गळ न घेता एकदा खाडी चालून या. पाणी सर्वांत कमी असताना खोल जागा उघड्या दिसतात: वळणाच्या बाहेरच्या अंगाचा डोह, पुलाच्या खांबांभोवतीचे खड्डे, जुन्या धक्क्याचे ढासळलेले दगड. झाड किंवा कातळ खूण म्हणून लक्षात ठेवा. हे एक चालणं मला कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडलं आहे. भरतीला कांदळवनाची मुळं पाण्याखाली गेली की त्यांच्या कडेने गळ सोडा, पण फांद्या तोडून वाट करू नका. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि तुम्ही ज्याच्यामागे आलात त्या माशांची पिल्लं त्याच मुळांत वाढतात.

मालवणकडे जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. तिथे गळ टाकण्याआधी स्थानिक मच्छीमारांना विचारा.

खडपावर उभं राहणार असाल तर आधी वीस मिनिटं नुसतं बसून लाटा बघा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे वारा नसतानाही दूर दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा किनाऱ्याला येतात. दहा मिनिटं सगळं शांत, आणि मग एकामागून एक तीन-चार मोठ्या. कातळाचा काळा, शेवाळी, ओला भाग जिथपर्यंत आहे तिथपर्यंत लाट येतेच. त्याच्या वर, कोरड्या करड्या दगडावर उभे राहा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते त्या दिवशीचे बघून मगच निघा. रात्री खडपावर एकट्याने जाऊ नका. मी जात नाही.

सहावी तपासणी: होडी, आणि इथे थांबायचं

पाचही गोष्टी जुळवून, तीन वेगवेगळ्या तिथींना प्रयत्न करून काठावरून काहीच मिळालं नाही, तर मासा तुमच्या फेकीच्या पलीकडे आहे. आता काम जाणत्याचं. गावातल्या परवानाधारक होडीवाल्याला, त्या पाण्यात रोज जाणाऱ्याला पैसे देऊन बरोबर घ्या. कुठला खडक किती वाव खाली आहे आणि मुखातली वाळू यंदा कुठे सरकली, हे त्याच्या डोक्यात असतं. भाड्याची होडी स्वतः चालवत मुख ओलांडायचा प्रयत्न करू नका. ओहोटीची ओढ आणि समोरून येणारी लाट मुखात एकमेकांवर आपटतात, आणि होड्या उलटतात त्या तिथेच. जीवरक्षक जॅकेट प्रत्येकाच्या अंगात हवं, फळीखाली ठेवलेलं नको.

तो "आज नको" म्हणाला तर तो दिवस संपला. घासाघीस करू नका. २०२१ मध्ये तौक्ते वादळ १६ मे च्या सुमारास आपल्या किनाऱ्यासमोरून वर गेलं, २०२० मध्ये निसर्ग ३ जूनला रायगडात धडकलं. उन्हाळ्याचे शेवटचे आठवडे हे वादळांचेही आठवडे आहेत. आणि १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी लागते, तेव्हा त्यानंतर कुणाला गळ घालू नका.

खालच्या गोष्टी घडल्या तर मासेमारी तिथल्या तिथे बंद.

गळाचा काटा अडेपर्यंत, म्हणजे टोकामागच्या उलट्या काट्यापर्यंत, मांसात गेला, किंवा डोळ्याजवळ, सांध्याजवळ लागला: ओढून काढू नका. तंगूस कापा, गळ हलणार नाही असा कापडाने बांधा आणि डॉक्टरकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून ठेवा, ते विचारतील.

शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली: जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास. पाणी आधी दुसऱ्याच्या हाताला लावून बघा, कारण दुखणाऱ्या हाताला भाजल्याचं कळत नाही. वेदना त्याने बऱ्याच उतरतात, तरी दवाखाना टाळू नका, काट्याचा तुकडा आत राहतो. नांगी छातीत किंवा पोटात घुसली असेल तर ती उपटू नका, तशीच ठेवून १०८ ला फोन करा. उथळ वाळूत चालताना पाय उचलून न टाकता घासत चाला, वाळूत बसलेला पाकट पावलाची चाहूल लागून निघून जातो.

बरोबरचा माणूस उन्हात असंबद्ध बोलायला लागला, अडखळायला लागला, अंग तापलेलं आहे: सावलीत आडवं करा, अंगावर आणि मानेवर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८. थोडं बसून बरं वाटेल म्हणून वाट बघू नका.

होडी बंद पडून बाहेर वाहायला लागली तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. निघण्याआधी तो फोनमध्ये भरा, फोन जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आणि घरी कुठल्या मुखातून बाहेर पडतो आहोत आणि किती वाजता परत येणार ते सांगून ठेवा.